आरसा आत वळवलेला

मंगळवार, संध्याकाळ. किल्लारी.

डोकं अजून तापलेलंच हाय. मी दोन थापा मारल्याच न्हाईत. लातूरहून जीपच्या मागच्या पायरीवर लटकून आलो. मागं जो उभा राहील त्यानंच ड्रायव्हरला इशारा द्यायचा असतो. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. फाट्यावर मी एक मारली, जीप थांबली, मधल्या सीटवरची म्हातारी मावशी उतरायला लागली. बाजूनं वरात चाललेली, हलगी नुसती कडकडून राहिलेली. म्हणून मी हात पण वर धरला, थांब म्हणून. पण बघतो कोण? ड्रायव्हर शिवाप्पाअण्णानं आरसा आत वळवलेला, स्वतःच्या मिशा बघायला. हलगीच्या ठोक्याला त्यो माझी थाप समजला अन् गाडी सोडली. मावशी पडली, मनगट सुजलं.

वर मलाच म्हणतो, "दोन मारल्यास की रे भाड्या."

"अण्णा, आरशात बघायचं की. हात वर होता माझा."

"थाप ऐकायची असती, बघायची न्हाई." अख्खी जीप हसली.

एवढ्या गोंगाटात नुसत्या कानाला काय कळतंय? शेजारचा काय बोलतो ते मला त्याचे ओठ बघून कळत होतं. हात दिसला असता तर हलगी कोणती अन् थाप कोणती, शेंबड्या पोरालाबी कळलं असतं. आरसा सरळ असता तर... मिशा म्हणे.

दवाखान्यात मावशीला मीच घेऊन गेलो. बाकावर बसल्यावर हळूच म्हणाली, "लेकरा, माझा पाय टेकला नव्हता रे. घाई कशाला केलीस?"

उतरताना तिची पाठ होती माझ्याकडं. तिनंबी नुसतं ऐकलंच होतं.