गोठ्याची लस आणि घरातली कुजबुज

नेसरी, ता. ४ सप्टेंबर २०२५

चि. श्रुतीस,
तात्याचा आशीर्वाद व सप्रेम जय भीम वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. माझा आवाज तुला ठाऊक हाय. मी फोनवर बोललो की निम्म्या गल्लीला कळतं. आणि आडून ऐकणाऱ्याला किती ऐकू येतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? व्यापारी बोकडांच्या मागं उभं राहून आपसात काय भाव बोलतात, ते ऐकून मगच मी माझा भाव सांगत आलो. दोन शेळ्यांपासनं एवढा गोठा उगंच झाला न्हाय.

त्या गोठ्यात आता शेळ्या गाभडायला लागल्यात, दिवस भरायच्या आत पिल्लं टाकतात, एकीमागनं एक. पहिला संशय शेजारच्या आकारामवर. आमच्या शेळ्या त्याच्या मक्यात शिरतात, तवा त्यानंच कायतरी चारलं असणार. पण परवा त्याचीबी एक गाभडली. स्वतःच्या शेळीला कोण चारंल? जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त काढलंय, ते तुझ्या प्रयोगशाळेत धाडतोय. तुम्ही याच रोगावर लस करताय, असं आमचा पोरगा प्रसेनजीत म्हणाला. त्याला हे कुणी सांगितलं, ते तो सांगत न्हाय.

तुझी काकी सरुबाई आठवण काढते. माया आटू देऊ नको.

तुझा
केरबा तात्या


पुणे, ता. १३ सप्टेंबर

ती. तात्यांस,
श्रुतीचा सा. जय भीम वि. वि.

आकारामकाकांची आधी माफी मागा. गुन्हेगार तुमच्या भुशाच्या पोत्यांवर झोपतो आहे. रोग टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा. मांजराची पिल्लं उंदीर खातात, पिल्लांच्या विष्ठेतून हा जंतू चाऱ्यात जातो, चाऱ्यातून शेळीत आणि शेळीतून तिच्या गर्भात. शेळी धडधाकट दिसते, गर्भ जातो.

परदेशात मेंढ्यांसाठी एक लस आहे, जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची. आम्ही त्याच वाटेनं शेळ्यांसाठी प्रयत्न करतोय आणि सध्या चाचणी चालू आहे. शेळी माजावर येण्याआधी टोचायची, गाभण शेळीला कधीच नाही. तुम्ही हो म्हणालात तर तुमचा गोठा चाचणीत घेऊ.

एक अट मात्र आजपासून पाळा. घरातल्या बायकांनी गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. झाडलोट, गाभडलेलं उचलणं, काहीच नाही. निशावहिनीनं तर मुळीच नाही. काकीला नमस्कार, आणि माझ्यावर रागावू नका.

तुमची
श्रुती


नेसरी, ता. २१ सप्टेंबर

चि. श्रुतीस,
आशीर्वाद व जय भीम वि. वि.

पोरी, तू वकिलासारखं लिहायला कधी शिकलीस? रोग गर्भाला खातो म्हणतीस. मग साठीच्या सरुबाईला बंदी कशाला? काहीतरी झाकायला तू मोठी चादर टाकलीस, एवढं मला कळतं.

आता ऐक. घरात कुजबूज चालू हाय. मी आत गेलो की चुलीवरच्या आमटीची चौकशी सुरू होते. प्रसेनजीत आणि सूनबाई निशा बोलत होती ते मी दाराआडनं ऐकलं. तात्यांना इतक्यात कळू द्यायचं न्हाय, तीन महिने होऊ देत, म्हणाली. घराबाहेर श्रुतीताईला तेवढं सांगितलंय, म्हणाली. तीन महिन्यांनी काय होणार हाय? पोरगं पुण्याला निघालंय, आणि माझा गोठा तुमच्या प्रयोगाला लावून द्यायचं ठरलंय, हेच की न्हाय? तसं असंल तर सरळ सांग. मी रडणारा माणूस न्हाय, पण फसणाराबी न्हाय.

लस आणू नको. आणि निशाला झाडू नको म्हणालो तर ती ऐकत न्हाय. मी गोठ्यात न्हाई दिसले तर लोक विचारतील, म्हणते. लोकांचं आणि झाडूचं काय नातं? तुझ्या अटीला कारण न्हाय, तवा मीबी जोर केला न्हाय.

तरी जीव तुझ्यावरच हाय, हे ध्यानात ठेव.

केरबा तात्या


पुणे, ता. २७ सप्टेंबर

ती. तात्यांस,
सा. जय भीम वि. वि.

मी कुणाला तरी शब्द दिलाय, तो मोडता येत नाही. पण बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभी राहून लिहिते, तुमचा गोठा कुणी घेत नाही आणि प्रसेनजीतदादा कुठं जात नाही. चाचणीला नाही म्हणा, चालेल. वहिनीला मी बजावलं, ती ऐकत नाही; झाडू मात्र तुम्हीच काढून घ्या.

वहिनीचं रक्त दादाकरवी मागवून मी तपासून घेतलं. हा रोग तिला कधी शिवलेलाच नाही. बरं झालं म्हणाल, पण तसं नाही. ज्याला पूर्वी होऊन गेला त्याच्या अंगात ढाल असते. तिच्याकडे ती नाही. माणसासाठी लस अजून कुणीच केलेली नाही, आम्हीही नाही. तिला आज एकच लस आहे, लांब राहणं.

पत्र मिळताच उठा, तात्या. बाकी शिव्या नंतर द्या, मी ऐकून घेईन.

श्रुती


नेसरी, ता. ३ ऑक्टोबर

चि. श्रुतीस,
तात्याचा भरभरून आशीर्वाद व जय भीम वि. वि.

पत्र वाचून गोठ्यातच बसलो. एवढे तिखट कान माझे, आणि सकाळी न्हाणीमागं निशाला उमासे येतात ते मी पित्त समजत होतो. आपल्याकडं तीन महिने व्हायच्या आत हे तोंडावर आणत न्हाईत. कुणाला संशय येऊ नये म्हणून पोरगी रोजच्यासारखं झाडत राहिली. आणि सरुबाई, पोटातलं ठाऊक असून, तिला झाडू देत राहिली! मला कळलंय हे त्यांना सांगावं, तर त्यांनी मनाशी धरलेलं मोडतं.

मग मी माझ्या पद्धतीनं केलं. भर सकाळी, गल्ली जागी असताना, निशाच्या हातातला झाडू हिसकावला. हिला झाडता येत न्हाय, माझ्या गोठ्यात परत पाय ठेवायचा न्हाय, असं ओरडलो. आकाराम कुंपणावरनं बघत होता. निशा रडली. प्रसेनजीत जेवला न्हाय. सरुबाई माझ्याशी बोलत न्हाय, आमटीबी गार वाढते. चालतंय की. हातमोजे घालून आता मीच झाडतो. पेंड झाकणाच्या पिंपात गेली. मांजरीला आणि तिच्या पिल्लांना मळ्यातल्या खोपीत हलवलं.

तिचं रक्त परत कधी तपासायचं ते कळव. गडहिंग्लजला न्यायला मी कायतरी निमित्त काढतो. लस घेऊन तू खुशाल ये, गोठा तुझाच समज. फक्त ती जिवंत जंतूंची लस, निशा हाय त्या घराच्या उंबऱ्याच्या आत आणू नको.

आणि निशाचे तीन महिने भरले की तिला सांग, तात्यांना आता सांगा म्हणावं. मी एकदम चकित होणार हाय. रोज झाडताना शेळ्यांसमोर सराव करतोय. अजून तरी एकीचाही विश्वास बसलेला न्हाय.

तुझा
केरबा तात्या