तुटक शीळ

माळावरची वस्ती, मंगळवेढ्याजवळ
३ नोव्हेंबर २०२५

चि. सोनम हिस आजाचे अ. उ. आ.,

तू सोलापूरला पोचलीस, बरं झालं. फोन करू नको. त्यात निस्तं खरखरतं. टपालानं लिव. चवथी शिकलोय, वाचता येतं.

दिवाळीत काय करून गेलीस ते आदी ऐक. मी लिंबाखाली बसून काठी तासत हुतो. बाभळीपल्याड मेंढरं निवांत चरत हुती. एकाएकी समदी एका जागी गोळा झाली, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घातली. चेंगरून कोकराचा पाय मोडला. मी पळालो. मला वाटलं मेंढरांना येड लागलं. तू गेल्यावर तुजी आजी म्हनली, पोरगी मेंढरांच्या वाड्यामागं पिपाणी वाजवत हुती, टुक टुक टुक. असं तोडून तोडून वाजवायला काय झालं? सुराला पैसं पडत्यात व्हय? वाजवायचा तर पुरा वाजवावा.

कोकराच्या पायाला बांबूच्या कांब्या बांधल्यात, जगंल. लांडगा आलाय. शेजारच्या धुळाप्पाच्या दोन मेंढ्या गेल्या. भ्यायचं काय न्हाय, मी हाय. तुजी आजी बनाबाई उगं जीव टांगणीला लावून बसती.

जेवत जा. माया हाय ती वाढव, कमी करू नको.
तुजा आजा, सिद्धनाथ


सोलापूर
७ नोव्हेंबर २०२५

ती. आबांना सोनमचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

कोकराचं वाचून लई वाईट वाटलं. मेंढरं बाभळीआड होती, मला दिसलीच नाहीत. चूक माझीच.

पिपाणी म्हणा, पण तिला क्लॅरोनेट म्हणतात, आणि त्या वाजवण्याला स्टकाटो. कागदावर सुराच्या डोक्यावर एक टिंब असतं. टिंब दिसलं की सूर निम्माच वाजवायचा, उरलेला निम्मा वेळ गप्प राहायचं. फुंक तोडायची नाही, जीभ तोंडातल्या वेताच्या पट्टीला लावून आवाज थांबवायचा. आमच्या वाद्यवर्गाचे प्रभुलिंग सर म्हणतात, घाई केली की स्टकाटो मेला. मधली गप्प बसायची जागा सांभाळली तरच पुढचा सूर टोचतो. पुढच्या महिन्यात त्याचीच परीक्षा आहे.

आबा, हे तर आपल्याच घरचं की. लांब शीळ म्हणजे समदं ठीक, चरू द्या. तुटक शिळा म्हणजे धोका, गोळा व्हा. तुम्हीच शिकवलं मला. मेंढरांना येड लागलं नव्हतं. ती शिकवल्यासारखी वागली.

पण तुमचं पत्र मी परत परत वाचलं. वाड्यापासून लिंब दहा पावलांवर. मी तुमच्या पाठीकडं बघत वाजवत होते, आता वळून शिव्या देतील म्हणून हसत होते. तुम्ही मान वर केली नाही. मग उठून पळालात, मला वाटलं रागानं निघालात. आबा, मेंढरांनी ऐकलं ते तुम्ही ऐकलं नाही? ओढ्याला तुम्ही एकटे असता. आजी टेकाडावरून राखण करते, तिच्या शिळेवर तुमचा जीव. ती ऐकू येते का? खरं लिहा. इथं कानाचा डॉक्टर आहे, मी नेते.

आजीला नमस्कार. रागवा, पण लोभ सोडू नका.
तुमची सोनम


वस्ती
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सोनमला आशीर्वाद.

माज्या कानाला काय झालं न्हाय. तुजी आजी भाकरी थापताना पुटपुटती ते सुदीक ऐकू येतं. लई शहाणी झालीस. पत्र हितंच संपवणार हुतो.

पर कालचं सांगाय पायजे. मंगळवारी दुपारचं वढ्यावर तंबाखूला चुना मळत हुतो. समदं शांत, वारा सुदीक न्हाय. बघतो तर मेंढरं गोळा व्हाय लागली. आन मी काय केलं? त्यांस्नी शिव्या घातल्या. मग कुत्रं माज्या अंगावरनं उडी मारून मागं गेलं. वळलो. वीस पावलांवर त्यो हुता, तोंडात कोकरू. तेच, कांब्या बांधल्यालं. त्यानं माज्याकडं बघितलं आन चालत गेला. पळाला न्हाय, चालत गेला. त्याला ठाऊक हुतं म्हातारा बहिरा हाय.

बनाबाई टेकाडावरनं वठ फुटस्तवर शीळ घालत हुती. वठाला रगत बघितलं मी. मला शांत वाटत हुतं ग, लई शांत. आता शांत झालं की मान फिरवून फिरवून मागं बघतो. मान दुखाय लागली.

तुज्या बापाला कळवू नको. शहाजी लगीच मेंढरं इकून मला होटगीला त्याच्या रेल्वेच्या क्वार्टरात बसवंल. तितं मालगाडीचं डबं मोजत मरू काय?

हे पत्र फाडून टाक. आशीर्वाद हाईच.
सिद्धनाथ


सोलापूर
१५ नोव्हेंबर २०२५

ती. आबांना शि. सा. न.

पत्र फाडलं नाही. उशाला घेऊन झोपते, झोप येत नाही. वर्गात टिंब दिसलं की तुमची पाठ दिसते आणि जीभ अडकते. सरांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. बापूला नाही सांगितलं, पण फार दिवस लपवणार नाही.

सर म्हणाले, म्हातारपणी बारीक, उंच आवाज आधी जातात, जाड आवाज उरतो. दिवाळीत देवळात ढोल वाजला तेव्हा तुम्ही पायानं ताल धरला होता, मी बघितलंय. म्हणून सांगते, बिरोबाचा ढोल आजीकडं टेकाडावर द्या. देवाचा ढोल देवापुढंच वाजतो हे मला कळतं. पण देवापुढं तो मोकळा घुमतो. आजीनं एक ठोका टाकायचा आणि लगेच दुसऱ्या हाताचा तळवा ढोलाच्या चामड्यावर दाबायचा. घुमू द्यायचा नाही. ठोका, गप्प. ठोका, गप्प. तीनदा. घाई नको. समदं ठीक झालं की मोकळा सोडायचा.

एवढं ऐका. तुम्ही ऐकाल या आशेवरच आहे.
सोनम


वस्ती
२२ नोव्हेंबर २०२५

चि. सोनमला आजाचे पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र वाचून मी न्हाय म्हनलो. देवाचा ढोल लांडग्यासाटनं? बनाबाईनं ईचारलं सुदीक न्हाय. बिरोबाला नारळ ठिवला, देवाला म्हनली, म्हातारा तुजंच लेकरू हाय, आन ढोल काकंत मारून टेकाड चढली. उभ्या जन्मात बाईमाणसानं त्याला हात लावला नव्हता. धुळाप्पा बघतच राह्यला.

गुरुवारी वढ्यावर हुतो. ऐकू आलं असं म्हनू नको. छातीला कळलं. ठोका. मग गप्प. ठोका. मग गप्प. पोरी, ठोक्यानं न्हाय, त्या मधल्या गप्पीनं माज्या अंगावर काटा आला. तिसऱ्याला वळलो. बाभळीच्या बुडाला पोट जमिनीला लावून त्यो बसला हुता, मागल्यापरीस जवळ. त्याची नजर मेंढरांवर नव्हती. माज्यावर हुती. मी काठी उगारली, कुत्रं धावलं. ह्या बारीला पळाला.

मग तिनं ढोल मोकळा सोडला. समदा माळ घुमला. त्यो आवाज सरस्तवर मी मातीत बसून राह्यलो. हे कुणाला बोलू नको.

तिनं आदी शीळ बी घातली हुती म्हनं. न्हाय आली ऐकू.

येत्या शनिवारी एसटीनं येतो. तुज्या बापाला मीच सांगीन, तितंवर गप्प बस. डाक्टरकडं जायच्या आदी एक काम कर. माज्या पाठीमागं उभी राहून तुजं ते टिंबाचं वाजीव. सूर ऐकू आला की बोट वर करीन. कान किती गेलंय ते मला आदी तुज्याकडनं कळू दे. आन बोट वर न्हाय झालं तर वाजवायची थांबू नको.

तुजाच,
आजा