वेणी कापली, आईला तू सांग

प्रिय ताईस धाकटीचा नमस्कार,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

सोबतचा फोटो आईला दाखवण्याआधी तू बघ. वेणी कापली, आता मानेपर्यंतच केस आहेत. ऑफिसात वेणी बघून सगळे मला शिकाऊ समजायचे. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की कुणीतरी माझ्याकडेच चहा मागायचं. आता साहेब माझं बोलणं संपेपर्यंत थांबतात. डोकं तेच आहे गं, केस तेवढे कमी झाले. हसूही येतं आणि रागही.

आईला म्हणावं, केस काय, पुन्हा वाढतील. ताई, तू माझी वेणी इतकी घट्ट घालायचीस की माझे डोळे ताणले जायचे. किती भांडायचे मी तुझ्याशी.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. पार्लरवाली म्हणते, इतक्या लवकर कशाला येता, कापण्याजोगं काही वाढलेलंच नाही. तरी मी जाते. कापण्याआधी ती केस धुऊन देते, आणि तेवढा वेळ कुणाचा तरी हात माझ्या डोक्यावर असतो.

तुझीच,
धाकटी