कोट क्रमांक चार न धुता परत घेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
वन्यप्राणी निवारा व संगोपन विभाग,
विभागीय कार्यालय, पहिला मजला,
बंद असलेल्या पाण्याच्या कूलरसमोर.

विषय : कोट क्रमांक चार न धुता परत घेण्याबाबत; ते शक्य नसल्यास परत न घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे खुलासा मागविणारे पत्र, जे माझ्या पत्नीच्या नावे, तिच्या निधनानंतर, पोहोच घेऊन देण्यात आले.

महोदय,

१. अर्जदाराने आजपर्यंतच्या आयुष्यात कोणत्याही शासकीय नियमाचा भंग केलेला नाही, हे प्रारंभीच अभिमानपूर्वक नमूद करतो. हा अर्ज लिहीत असताना अर्जदाराच्या अंगात शासकीय कोट आहे. सदर कोट अर्जदाराला देण्यात आलेला नाही, तो निवाऱ्याच्या फाटकाबाहेर नेण्यास सक्त मनाई आहे, आणि त्याच्या बाह्या अर्जदाराला आखूड होतात.

२. अर्जदार महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. त्या विषयाला विद्यार्थी येत नसल्याने अर्जदारापाशी वेळ असतो. अर्जदाराची पत्नी शाळेत भूगोल शिकवीत असे, आणि शेजारच्या तुकडीलाही ऐकू जाईल असा तिचा आवाज होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती गावाबाहेरच्या आपल्या निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागली. पूर्वी तेथे कोंबड्यांची शेड होती. आता पंख मोडलेले, गाडीखाली सापडलेले आणि आई मेलेले असे प्राणी ठेवले जातात. पिल्लांना माणसाची सवय लागली तर ती पुढे रानात जगत नाहीत, म्हणून तेथे बोलण्यास बंदी आहे. पत्नीने ही बंदी काटेकोर पाळली. घरी आल्यावर ती त्याचा पुरेपूर वचपा काढीत असे, याला अर्जदार साक्षीदार आहे.

३. आपल्याच विभागाचा नियम आपल्याला सांगणे आगाऊपणाचे ठरेल. तरी आपण निवाऱ्यात कधी आलेला नाहीत असे कळल्याने सांगतो. प्रत्येक स्वयंसेवकाला एक जाड तपकिरी कोट मिळतो. त्याला डोक्यावरून तोंडावर येणारी टोपी असते आणि डोळ्यांपुढे जाळी. पिल्लांनी माणसाला ओळखू नये म्हणून सगळे कोट एकसारखे शिवलेले आहेत. आणि पिल्लांनी बुजू नये म्हणून ते धुवायचे नसतात, फक्त उन्हात टाकायचे असतात. परिणामी पिल्ले माणसाला ओळखत नाहीत, कोटाला ओळखतात. स्वयंसेवक काम सोडतो तेव्हा त्याचा कोट औषध घातलेल्या गरम पाण्यात धुऊन पुढच्याला देतात. कोट धुतला की माणूस गेला, असे तेथे समजले जाते.

४. हजेरीची पद्धतही आपल्याच कार्यालयाने घालून दिलेली आहे. शेडच्या दाराशी ओळीने खुंट्या आहेत. ज्या खुंटीवर कोट आहे तो स्वयंसेवक बाहेर, जी खुंटी रिकामी आहे तो आत. संध्याकाळी व्यवस्थापक खुंट्या पाहून वर कळवतात. तोंडे झाकलेली आणि बोलण्याला बंदी, अशा ठिकाणी याहून चांगली पद्धत सुचणे अवघड होते, हे अर्जदार विषयाचा अध्यापक या नात्याने मान्य करतो.

५. आता घटना. पत्नीला निवाऱ्यात चक्कर आली. फळे चिरणाऱ्या मावशींनी आणि व्यवस्थापकांनी तिला होती तशी गाडीत घालून दवाखान्यात नेले. कोट अंगातच राहिला. दवाखान्यात तो काढून एका पिशवीत अर्जदाराच्या हाती देण्यात आला. चौथी खुंटी त्या दिवसापासून रिकामी आहे.

६. त्या सुमारास निवाऱ्यात उदमांजराचे एक पिल्लू होते. त्याची आई रस्त्यावर मेली होती, आणि ते एका गोदामाच्या पत्र्याखाली सापडले होते. पिल्लांना नावे ठेवण्यास मनाई असल्यामुळे पत्नी त्याला नाव न ठेवता "आपलं ते" म्हणत असे. आपलं ते आज दूध प्यायलं. आपल्या त्यानं आज केळ्याला तोंड लावलं. घरातल्या एखाद्या परीक्षेला बसलेल्या मुलाची असावी तशी बातमी आमच्याकडे रोज जेवताना येई. आम्हाला मूलबाळ नाही, हे केवळ संदर्भासाठी नमूद करतो.

७. दवाखान्यात पत्नीला बोलणे जड जात होते. तिने विचारले, "आपलं ते खातंय का?" मी म्हटले, "बघून येतो." कोटाची पिशवी परत करायची होतीच, म्हणून बरोबर घेतली. निवाऱ्यात गेलो तर मावशींनी शेडबाहेरच सांगितले की बाई दवाखान्यात गेल्यापासून पिल्लाने वाटीला तोंड लावलेले नाही, कोपऱ्यात पाठ करून बसले आहे. व्यवस्थापक दुसऱ्या दोघांचे कोट घालून बघून दमले होते. मावशी पिशवीकडे बघत म्हणाल्या, "तुम्हीच घालून बघा की सर. त्याला काय कळतंय."

मी कोट घातला. टोपी ओढली. वाटीवर नखाने तीन वेळा टिचकी मारायची, एवढे मावशींनी शिकवले. टिचकी ऐकताच ते वळले, चालत आले, बाहीचा वास घेतला आणि खाऊ लागले. मी ते संपूर्ण खाणे पाहिले. घाई केली नाही, कारण नीट सांगायचे होते.

मी परत गेलो तेव्हा सांगायला कोणी नव्हते.

८. कोट माझ्या अंगातच राहिला होता, हे मला दवाखान्यातल्या परिचारिकेने लक्षात आणून दिले.

९. त्यानंतर अर्जदार नियमित निवाऱ्यात जात आहे. कोट घरी आणणे नियमबाह्य आहे हे माहीत असूनही तो घरी आणतो, कारण खुंटीवर टांगला तर कोणी उचलून धुवायला टाकील अशी धास्ती वाटते. तेथील कामाचा अनुभव थोडक्यात असा :

मावशी चहाचे पेले बाहेरच्या कट्ट्यावर कोटांच्या क्रमाने मांडून ठेवतात. चौथा पेला बिनसाखरेचा असतो. अर्जदार दोन चमचे घेणारा आहे. त्याने तक्रार केलेली नाही, मावशींनीही विचारलेले नाही. तो पितो.

पिल्लू खाता खाता मध्येच थांबते आणि माझ्या खांद्यामागे बघते. आधी मला वाटले, उंदीर असेल. मागे तारेची जाळी आहे, जाळीपलीकडे चिंचेचे झाड. तरी ते बघते, मग समाधान झाल्यासारखे पुन्हा खाऊ लागते. तर्कशास्त्राच्या अध्यापकाने अशा वेळी किती वेळा मागे वळून पाहावे याबद्दल विभागाचे परिपत्रक असल्यास पाठवावे.

खिशात एक केसांचा चाप आणि वाळलेला केळ्याचा तुकडा होता. दोन्ही जागच्या जागी आहेत. अर्जदाराने त्यांत ढवळाढवळ केलेली नाही.

पत्नीची धाकटी बहीण, म्हणजे माझी मेहुणी, सध्या माझ्या सोबतीला येऊन राहिली आहे. एकदा कोट न काढताच मी घरी आलो. दिवेलागणीची वेळ होती. तिने दार उघडले आणि सहज म्हणाली, "आलीस?" मग आत गेली, आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.  तेव्हापासून ती कोटाकडे नीट बघत नाही.

१०. अशा परिस्थितीत आपले पत्र आले. पत्र पत्नीच्या नावे आहे. त्यात म्हटले आहे की, श्रीमती कोट क्रमांक चार यांनी निवाऱ्यात प्रवेश केल्यानंतर बाहेर पडल्याचे दिसून येत नाही. स्वयंसेवकाने अखंड आत राहणे हे नियमाविरुद्ध व प्रकृतीस अपायकारक आहे. तरी त्यांनी समक्ष येऊन खुलासा करावा.

अर्जदार मृत्यूचा दाखला घेऊन आपल्या कार्यालयात आला. आपले लिपिक सज्जन आहेत. त्यांनी खुर्ची दिली, दाखला दोनदा वाचला, हळहळ व्यक्त केली. नंतर ते म्हणाले, "सर, बाई वारल्या, वाईट झालं. कागद मान्य आहे. पण वारल्या म्हणजे बाहेर पडल्या, असं यात कुठं म्हटलंय?"

मी त्यांचे म्हणणे सर्व बाजूंनी तपासले. खुंटी रिकामी असेल तर व्यक्ती आत आहे, असा नियम आहे. खुंटी रिकामी आहे. मृत व्यक्ती आत असू शकत नाही, असा नियम नाही. निष्कर्ष बिनतोड आहे. एवढी वर्षे मी फळ्यावर जे शिकवत आलो त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकात मिळाले नव्हते. मी त्यांना तसे सांगितले, आणि घरी येऊन दार लावून बसलो.

कारण, महोदय, लिपिकांनी विचारलेला प्रश्न मलाही पडलेला आहे. ती वारली, याचा कागद माझ्यापाशी आहे. बाहेर पडली का, हे मला ठामपणे सांगता येत नाही.

११. लिपिकांनी यातून मार्गही सुचवला. कोट जमा करा, आम्ही तो गरम पाण्यात धुऊन खुंटीला लावतो, म्हणजे बाई आपोआप बाहेर पडल्या असे धरले जाईल आणि प्रकरण निकाली निघेल. त्यांनी हे इतक्या आपुलकीने सांगितले की मला नाही म्हणता आले नाही. हो देखील म्हणता आले नाही. म्हणून हा अर्ज.

१२. माझे म्हणणे असे की, कोट धुतल्यास त्यातला वास जाईल. वास गेल्यास पिल्लू कोट ओळखणार नाही. न ओळखल्यास खाणार नाही, पुन्हा कोपऱ्यात पाठ करून बसेल, आणि आता ते अशा वयाचे आहे की पाठ करून बसलेले पिल्लू फार दिवस टिकत नाही. ज्या जिवाला वाचवण्यासाठी आपला विभाग आहे तो विभागाच्या गरम पाण्याने जाईल. हे सर्व मी निव्वळ पिल्लाच्या हितासाठी लिहीत आहे. त्यात माझा वैयक्तिक संबंध नाही. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले आहे. खाडाखोडीबद्दल क्षमा असावी.

१३. तरी विनंती की,

(अ) कोट क्रमांक चार न धुता आहे तसा चौथ्या खुंटीवर टांगण्यास परवानगी द्यावी, व त्याला कोणी हात लावू नये असा आदेश काढावा, किंवा

(ब) हे अशक्य असल्यास, पिल्लू रानात सोडले जाईपर्यंत तो अर्जदाराकडे ठेवावा, आणि तोवर पत्नी कामावर आहे असे समजावे. तिच्या कामाबद्दल कधी तक्रार आलेली नाही, किंवा

(क) हेही अशक्य असल्यास, पत्नीने समक्ष येऊन खुलासा करावा ही आपल्या पत्रातील सूचना कायम ठेवावी. त्याप्रमाणे ती आली, तर वेळ आणि खोली क्रमांक अर्जदारासही कळवावा. मी तिला एका प्रश्नाचे उत्तर देणे लागतो.

उत्तराची वाट पाहण्याची सवय झालेला,
आपला नम्र,
(सही)
कोट क्रमांक चारच्या स्वयंसेविकेचा पती

दिनांक : आपले कार्यालय अर्ज स्वीकारील तो.

सोबत :
मृत्यूच्या दाखल्याची छायाप्रत.
आपल्या पत्राची छायाप्रत.
कोट जोडलेला नाही.

ता. क. : वरील अर्ज पूर्ण करून, छायाप्रती काढण्यासाठी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून मी चौकात गेलो. परत आलो तेव्हा मेहुणीने तो बादलीत भिजवून, साबण लावून, घासून, पिळून गच्चीवरच्या दोरीवर टाकलेला होता. चाप तिने खिशातून काढून स्वतःच्या केसांना लावला होता. तिचे डोळे लाल होते. साबण तिखट आहे म्हणाली. 

मी तसाच निवाऱ्यात गेलो. आता काय होणार ते डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू होता. नवव्या खुंटीवरचा कुणाचा तरी कोट घातला आणि वाटीवर टिचकी मारायला विसरलो. पिल्लू धावत आले, पूर्ण केळे खाल्ले, वाटी चाटली आणि खांद्यामागे कुठेही न बघता आणखी मागू लागले. मावशी दारातून पाहत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितले की गेला बराच काळ ते कुणाच्याही हातून खाते, तापामुळे मी येऊ शकलो नव्हतो तेव्हाही खातच होते. "तुम्ही इतक्या लांबून यायचात सर, सांगायचं राहून गेलं," असे म्हणून त्यांनी चहा दिला. चहात साखर होती.

तरी वरील अर्जातील परिच्छेद १२ व १३ रद्द समजावेत. पिल्लू खात आहे. कोट जमा करण्यास अर्जदाराची हरकत नाही. तथापि कापड जाड असल्यामुळे तो अद्याप वाळलेला नाही.