पंख्यासमोर सुकलेल्या लेन्स

लोणी, रविवार, दिवेलागण

तो पंखा आईने नेमका माझ्या तोंडावरच का लावला? घामाने पावडर ओघळू नये म्हणून, दुसरं काय! चष्म्यामुळे दोन स्थळं मोडली, म्हणून आज बघायला येणाऱ्यांसाठी लेन्स घातल्या होत्या. पाहुणे दोन तास उशिरा आले. चैत्राचं कोरडं ऊन, त्यात तो पंखा. लेन्स डोळ्यांत कांद्याच्या पापुद्र्यासारख्या वाळल्या. थेंब टाकायचे होते, पण "जा आत" म्हणेपर्यंत पाटावरून उठायचं नसतं. मी बसून राहिले. डोळे लाल झाले, मग धार लागली.

मुलाची आई म्हणाली, "पोरगी रडतीया वो पावणं. तिच्या मनात न्हाई." चहा न घेताच उठले सगळे.

वडिलांना सांगितलं, लेन्स सुकल्या होत्या. ते म्हणाले, "डोळं गळत व्हतं अन् सुकलं म्हणं? कोण हाय त्यो? नाव सांग."

कुणी नाही. कधीच कुणी नव्हतं. हे कसं पटवायचं?

आता लेन्स काढल्यात, पंखा बंद केलाय, आणि खरंच रडतेय. दाराबाहेर आई वडिलांना सांगतेय, "बघा, अजून त्याच्यासाठीच रडतीय."