झाकणावर तुझं नाव

किन्हवली, शुक्रवार

तीर्थस्वरूप सावळीआत्या हिला धाकट्या भाचीचा, भूमिकेचा, वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? इकडे सगळे खुशाल, फक्त बाबा माझ्याशी बोलत नाहीत. गार पाणी त्यांना चालत नाही आणि मंगळवार ते गुरुवार मी त्यांना आंघोळ करू दिली नाही.

त्याचं असं झालं, सोमवारी माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पाची परीक्षा आहे. सोयाबीनमधली काही गुणकारी द्रव्यं साखरेला चिकटून असतात, म्हणून ती अंगी लागायला वेळ लागतो. ती साखर तोडणारं एक एन्झाइम असतं, गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जंतूंचं. (आपण ऐंशी अंशांना पोळतो, ते तिथे कामाला लागतं.) कॉलेजातलं पाणी तापतं ठेवणारं यंत्र नेमकं बिघडलं. मग मी उरलंसुरलं एन्झाइम घरी आणलं आणि आंघोळीच्या पाण्याचा मोठा टोप ताब्यात घेतला. दोन दिवस सरावातच गेले. काटकी जास्त पडली की नव्वद, बाबांनी तांब्याभर पाणी चोरलं की सत्तर. शेजारचा कान्हा कुंपणावरून विचारून गेला, "बाळंतीण कोन हाय गो तुमच्यात?"

वाटलेलं सोयाबीन एन्झाइम घालून त्या टोपात ठेवायला घट्ट झाकणाचा डबा घरात एकच होता. दिवाळीत तू अनारसे भरून पाठवलेला, झाकणावर तुझं नाव कोरलेला. गुरुवारी सहा तास पुरे झाले, डबा ओट्यावर ठेवून मी जरा आडवी झाले, तेवढ्यात आपल्याकडे कामाला येणारी धोंडीबाई तुझ्या मुरबाडच्या एसटीला निघाली. आईने झाकणावरचं नाव वाचलं, डबा उचलून पाहिला, तर जड. रिकामा कसा पाठवायचा म्हणून दिवाळीपासून अडकलेला डबा पोरीने आपणहून भरून ठेवला, याचंच तिला भरून आलं आणि तिने तो धोंडीबाईच्या हाती दिला. (मला उठवून जवळ घेतलं, तेव्हा एसटी सरळगावच्या पुढे गेली होती.) मी तिला काही बोलले नाही. इतकं जवळ तिने मला दहावीलाही घेतलं नव्हतं. पण आत्या, माझं अख्खं वर्ष त्या डब्यात आहे आणि मला फार भीती वाटते आहे.

तुझी,
भूमिका

ता. क. डबा उघडला असशील तरी चमचाभर उरलेलं पुरेल. घासू नकोस, लाडू भरू नकोस. जन्मात एकदा डबा तसाच परत कर.

ता. क. दुसरा. पत्राची घडी घालते तोच धोंडीबाई परत आली. डबा लख्ख घासलेला, बेसनाच्या लाडवांनी भरलेला. तुझा निरोपही पोचला, "पिठलं बरं व्हतं, मीठ नव्हतं, एकटीनंच दोन टायम खाल्लं." तेव्हा आता खरं मागणं. सोमवारी साडेदहाला कॉलेजच्या फाटकाशी ये. परीक्षकांनी नमुना मागितला की मी तुला आत बोलावीन. रिक्षाने ये आणि वाटेत फार हलू नकोस.