विहिरीची ओटी

जुन्नर, ३ जून २०२४

ती. फुलाआत्यास,
कल्याणीचा सविनय जय भीम, वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आमच्या संस्थेने पेठेतली जुनी विहीर उपसून साफ केली आणि शेजारी पाणी जिरवायचा खड्डा केला. तळाला दगड, मग खडी, वर वाळू. शाळेच्या छपरावरचं पावसाचं पाणी त्यात उतरेल आणि जमिनीतून विहिरीला मिळेल. पाणीपुरवठ्याच्या साहेबांची अट आहे. पुढच्या मे महिन्यापर्यंत विहिरीत पाणी टिकलं तर ती नळांना जोडायची, नाहीतर खड्डा बुजवायचा. धरण आटलं तर शहराकडे स्वतःच्या जमिनीतलं पाणी असावं, एवढीच माझी धडपड.

बायका मात्र खड्ड्यात खरकटं ओतायच्या. मग मी सभेत सांगितलं, की विहीर म्हणजे सासुरवाशीण आणि हा खड्डा तिचं माहेर. माहेरात कुणी खरकटं टाकतं का? साळुबाई म्हणून एक आजी आहेत, पेठ त्यांचं ऐकते. त्या म्हणाल्या, पोरगी शिकली तरी बोलते माणसासारखं. खरकटं बंद झालं.

काल खड्ड्यात खण, नारळ आणि ओंजळभर गहू सापडले. कुणाच्या पिशवीतून पडले असतील?

बाबा तिकडे आले की त्यांना जय भीम सांग. तब्येतीला जप.
तुझी कल्याणी


आणे, १० जून २०२४

चि. कल्याणीस,
फुलाआत्याचा जय भीम.

पडलं न्हाई गं बाई, ओटी भरली त्यांनी. माहेर म्हणालीस तूच. मग माहेरची लेक मोकळी जाती व्हय? तुझ्या आज्यानं देव्हारा काढला तवापासून आपल्या घरात देव न्हाई, आन् घरातली पहिली पदवीधर पोरगी शहराला नवी देवी काढून देती. तुझा बाप भागुजी दोन दिस इथं व्हता. त्याला वाचून दाखवलं तर त्याच्या नाकातनं चहा आला.

आता एक कर, बोर्ड लाव. शहरातली माणसं बोर्डाला भितात.

फोन मी मुद्दाम उचलत न्हाई. फोनवर तू ऐकत न्हाईस, नुसती बोलतीस. पत्रात गप बसावं लागतं.

जेवत जा येळेवर.
तुझी आत्या


जुन्नर, २४ जून २०२४

ती. आत्यास,
स. जय भीम. रागावले आहे, तरी वि. वि.

बोर्ड लावला, ‘येथे ओटी भरू नये’. तोवर हे फक्त आमच्या पेठेला माहीत होतं. वटपौर्णिमेला दुसऱ्या पेठांतल्या बायका वडाकडून परतताना तो वाचून थांबल्या. मनाई आहे म्हणजे देवी कडक असणार, असं त्यांचं ठरलं. आधीच्या गव्हाला कोंब फुटले, वाळूवर लगदा बसला आणि शनिवारच्या पावसाचं सगळं पाणी खड्ड्यावरून गटारात गेलं. साहेब बघून म्हणाले, मॅडम, पीक चांगलं आलंय. मी शाळेमागे जाऊन रडले.

मग साळुबाईंना सरळ सांगितलं, की इथे देवी नाही आणि मी देव मानत नाही. त्या म्हणाल्या, आमालाबी ठावं हाय, पर पाणी देणारीच्या दारी हात हलवत जावंसं वाटत न्हाई. तेव्हा मी म्हटलं, मग तिच्या उपयोगाचं आणा. लगदा आपण काढू आणि प्रत्येकीने पदरभर धुतलेली खडी आणून टाकायची. त्या कबूल झाल्या. पण ‘ओटी’ हा शब्द त्यांनी सोडला नाही आणि मीही सोडवला नाही. आत्या, ही फसवणूक तर नाही ना? आपल्या शिकवणीत हे बसतं का?

उत्तर लवकर दे, थट्टा नंतर कर.
कल्याणी


आणे, २ जुलै २०२४

चि. कल्याणीस,
जय भीम.

खडी खोटी हाय का? पाणी खोटं हाय का? तू नवस बोलायला लावला न्हाईस, खडी धुवायला लावलीस. निवांत झोप.

फकस्त न धुता आणणारी एक असतीच. तिच्यावर नजर ठेव. ती बहुतेक साळुबाईच असंल.

माया आहे तशीच आहे.
आत्या


जुन्नर, ८ मे २०२५

ती. आत्यास,
स. जय भीम, वि. वि.

साळुबाईच होत्या. त्यांची खडी मी तीनदा परत पाठवली.

धरणाचं पाणी लांबलं, पेठेचे नळ कोरडे पडले. साहेबांनी दोराला दगड बांधून विहिरीत सोडला. दगड वर आला तेव्हा दोर निम्म्याहून जास्त ओला होता. त्यांनी तो दोर मला धरायला दिला. आज विहीर जोडली आणि पेठेतल्या नळांना तिचं पाणी आलं. साळुबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, जरा जड हाय, पर आपलं हाय. आता पावसाआधी खडी काढून धुवायचा दिवस बायकांनीच धरलाय.

तो बोर्ड ऑफिसात पडून आहे. बघितला की लाज वाटते. भंगारात देऊ?

बाबांना पाणी आल्याचं नक्की कळव.
तुझी कल्याणी


आणे, १५ मे २०२५

चि. कल्याणीस,
अनेक आशीर्वाद व मोठा जय भीम.

भागुजीला कळवलं. तो गावभर सांगत फिरतोय.

बोर्ड भंगारात देऊ नगंस. तुझं बघून आमीबी पठारावर विहिरीशेजारी खड्डा खणलाय. खडी टाका म्हणून घरोघर सांगून दमले, पर एक माणूस फिरकत न्हाई.

त्यो बोर्ड येष्टीनं लावून दे.

तुझी आत्या